दुरून डोंगर साजरे

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. दर्याची गोष्टही काही निराळी नाही. किनाऱ्यावर उभे राहून पाहिले म्हणजे तो आपल्याला बोलावीत आहे असे वाटते. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर तो आपल्याला ओढीत आहे हे ध्यानात येते. असा हा डोंगर आणि असा हा दर्या, दोन्ही एकाच दिवशी, केवळ स्वतःच्या हातापायांच्या बळावर ओलांडावयाचे असा एक खेळ आज जगभर खेळला जातो. त्यास ट्रायथलॉन म्हणतात. त्याच्या दीर्घ पल्ल्याच्या प्रकारात प्रथम ३.८ किलोमीटर पोहावयाचे, मग १८० किलोमीटर सायकल चालवावयाची आणि शेवटी ४२.२ किलोमीटर, म्हणजे एक संपूर्ण मॅरेथॉन, धावावयाचे असते. मध्ये कपडे बदलावयास मुभा आहे. पण तेवढा वेळ घड्याळ थांबत नाही.

हा खेळ वेड्यांचा आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्याच्या दीर्घ पल्ल्याच्या प्रकाराचा जन्मही एका पैजेसारख्या वादातूनच झाला. पोहणारा श्रेष्ठ, सायकलस्वार श्रेष्ठ, की धावणारा श्रेष्ठ, असा वाद हवाई बेटांत निघाला, आणि जॉन व ज्यूडी कॉलिन्स या दांपत्याने तेथील तीन वेगवेगळ्या शर्यती एकत्र जोडण्याची कल्पना काढली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ओआहू बेटावर १५ जण शर्यतीस उभे राहिले आणि १२ जणांनी ती पुरी केली. त्या शर्यतीस ‘आयर्नमन’ हे नाव पडले. पुढे भारतातही हा खेळ आला. २० ऑक्टोबर २०१९ रोजी आपल्या पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर त्याच्या अर्ध्या पल्ल्याची शर्यत झाली, तीत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे होते. तेव्हा हा विषय आता आपल्या अंगणापर्यंत आलेला आहे.

परंतु मला आज बोलावयाचे आहे ते सपाट मार्गाविषयी नव्हे, तर समुद्राकाठच्या डोंगराळ मार्गाविषयी. आणि त्यासाठी फ्रान्समधील नीस या शहराचे उदाहरण मी घेतो. भूमध्य समुद्राच्या काठी वसलेल्या या शहराच्या पाठीशी आल्प्सच्या रांगा आहेत. समुद्र आणि पर्वत यांच्यामध्ये जणू एका रस्त्याची रुंदी तेवढी शिल्लक राहिली आहे. या गावी १९८२ पासून दीर्घ पल्ल्याची ट्रायथलॉन होऊ लागली, आणि अमेरिकेच्या मार्क ॲलन याने ती एकूण दहा वेळा जिंकली. आयर्नमनची जागतिक स्पर्धा अनेक वर्षे हवाईतील कोना येथे होत असे. २०२३ आणि २०२५ साली पुरुषांची आणि २०२४ साली स्त्रियांची जागतिक स्पर्धा नीसला झाली. दोन्ही पुन्हा एकत्र, २०२६ पासून कोना येथेच घेण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला.

या मार्गावर उतरणाऱ्याने कशाची अपेक्षा ठेवावी? माझे उत्तर थोडक्यात असे आहे: डोंगर आपले बळ पाहील अशी अपेक्षा ठेवू नये, तो आपला संयम पाहील अशी ठेवावी.

प्रथम समुद्राचे पाहू. नीसचा किनारा वाळूचा नव्हे, गोट्यांचा आहे. पाण्यात शिरतानाच तळपाय बोलू लागतात. तलावात पोहणाऱ्यास तळाशी रेघ दिसते, भिंत हाताशी लागते. समुद्रात रेघ नाही आणि भिंतही नाही. दर काही हातांनंतर डोके वर काढून पाण्यावर तरंगणारी खूण पाहावी लागते. न पाहिल्यास मनुष्य सरळ जात असल्याच्या समजुतीत तिरपा जातो आणि ३.८ किलोमीटरचे चार किलोमीटर करून घेतो. अंगास ऊब देणारा व तरंगावयास साहाय्य करणारा रबरी पोशाख घालावा की नाही, हेही आपल्या इच्छेवर नसते. पाण्याचे तापमान २४.५ अंश सेल्सियसच्या वर गेले, की हौशी स्पर्धकांनाही तो घालून क्रमांकासाठी पोहता येत नाही. तेव्हा पोशाखाच्या भरवशावर पोहावयास शिकलेला मनुष्य ऐन वेळी उघडा पडतो.

पोहून बाहेर आले की सायकल. सपाट रस्ता थोडाच. नंतर चढणीस प्रारंभ होतो. २०२३ च्या मार्गावर १८० किलोमीटरमध्ये एकूण चढ सुमारे २,४०० मीटरचा होता. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे समुद्रसपाटीपासून निघून जवळजवळ दीड कळसूबाई सायकलवर चढावयाची! या मार्गावरील कोल द लेक्र ही खिंड दीर्घ चढणीची म्हणून स्पर्धकांच्या ध्यानात राहते.

येथे अंकगणित उपयोगी पडते. समजा, दहा किलोमीटरचा चढ कोणी ताशी १० किलोमीटर वेगाने चढला आणि तेवढाच उतार ताशी ४० किलोमीटर वेगाने उतरला. त्याचा सरासरी वेग किती? चाळीस आणि दहा यांची बेरीज करून दोहोंनी भागणारा विद्यार्थी २५ असे उत्तर देईल. ते चूक आहे. चढास एक तास लागला, उतारास १५ मिनिटे. वीस किलोमीटरला सव्वा तास, म्हणजे सरासरी ताशी १६ किलोमीटर. तात्पर्य, चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघत नाही. ज्याने सपाट रस्त्यावरील आपल्या वेगाचा हिशेब मनाशी बांधून नीस गाठले, त्याची दुपारपर्यंत निराशा ठरलेली. निराश झालेला मनुष्य घाई करतो, आणि या मार्गावर घाईसारखा शत्रू नाही.

का नाही? तेही मोजून पाहू. स्वार आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम वजन २,४०० मीटर वर नेण्यास सुमारे १९ लाख ज्यूल, म्हणजे अदमासे ४५० किलोकॅलरी काम करावे लागते. परंतु आपले शरीर खाल्लेल्या अन्नातील सुमारे एक चतुर्थांश शक्तीच पायडलपर्यंत पोहोचवते. उरलेली उष्णतेच्या रूपाने निघून जाते. म्हणजे केवळ उंची चढण्यापायी सुमारे १,८०० किलोकॅलरी खर्च झाल्या. स्नायूंत व यकृतात साठविलेली साखर सर्वसाधारण माणसाजवळ २,००० किलोकॅलरींच्या आसपासच असते. वाऱ्याशी झुंज, समुद्रातील पोहणे आणि संपूर्ण मॅरेथॉन हा खर्च तर अजून मांडलेलाच नाही. म्हणून सायकलवर दर तासाला ६० ते ९० ग्रॅम पिष्टमय व साखरयुक्त पदार्थ पोटात गेले पाहिजेत, असे आजचे क्रीडाशास्त्र सांगते. भूक लागल्यावर खाईन म्हणणारा उशीर करून बसलेला असतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण या मार्गावर शब्दशः खरी ठरते.

मग चढ चढावा कसा? हलका गिअर लावून, खोगिरावर बसून, श्वास तालात ठेवून. डोंगराळ मार्गासाठी मागच्या बाजूस मोठे दातेरी चाक लावून घेणे हा शहाणपणा आहे. जड गिअरवर गुडघे झिजवणे हा नव्हे. शेजारून दुसरा कोणी सपाट्याने पुढे गेला, तर त्यास जाऊ द्यावे. आणि उतार? उतार म्हणजे विश्रांती, असे समजणाऱ्यांनी नीसच्या मागील घाटात जाऊ नये. तेथील रस्ते वळणावळणांचे आहेत. ब्रेक वळणात शिरण्यापूर्वी लावावयाचा, वळणात नव्हे. आणि दृष्टी दरीकडे नव्हे, तर वळण जेथे संपते तेथे ठेवावयाची, कारण डोळे जिकडे, तिकडे सायकल.

इतके झाल्यावर मनुष्य पुन्हा समुद्रकाठी येतो, आणि येथे मार्गाची खरी गंमत आहे. धावणे संपूर्ण सपाट आहे! समुद्रालगतच्या प्रोमनाद देझांग्ले या प्रशस्त रस्त्यावर चार फेऱ्या मारावयाच्या. अननुभवी मनुष्यास वाटते, डोंगर सरला, आता चिंता नाही. परंतु सावली अल्प, ऊन भरपूर. आणि मांड्यांत डोंगर अजून शिल्लक असतो. ज्याने चढावर बढाई केली, त्याचे पाय या सपाट रस्त्यावर त्याला जाब विचारतात. डोंगराचे बिल डोंगरावर येत नाही; ते किनाऱ्यावर येते.

यावर कोणी म्हणेल, की हे भित्र्याचे तत्त्वज्ञान आहे. विजेते काही हात राखून चालत नाहीत. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. २०२३ साली नीसला फ्रान्सचा सॅम लेडलो जिंकला, तो ८ तास ६ मिनिटांत, आणि सायकलवर सर्वांच्या पुढे निघूनच जिंकला. परंतु त्याच लेडलोची आदल्या वर्षाची कथा पाहा. २०२२ साली कोना येथे त्याने सायकलचा विक्रम केला, तो आघाडीवर धावू लागला, आणि धावण्यात नॉर्वेच्या गुस्ताव इडेनने त्यास मागे टाकले. लेडलो दुसरा आला. धाडस दोन्ही वर्षी होते. मला त्यातून एवढेच दिसते, की धाडसास आपल्या शक्तीचे माप ठाऊक असावे लागते, आणि ते माप एका दिवसात हाती येत नाही. २०२५ साली नीसला पहिले तीनही क्रमांक नॉर्वेने पटकावले: कॅस्पर स्टोर्नेस, गुस्ताव इडेन आणि क्रिस्तियान ब्लुमेनफेल्ट. हे तिघे अनेक वर्षे एकत्र सराव करणारे सोबती. स्पर्धा एकेकट्याची असली, तरी तयारी सोबत्यांची असते, हेही लक्षात घ्यावे.

आता विद्यार्थिमित्रहो, हे सर्व तुम्हांस कशासाठी सांगितले? ही शर्यत तुम्ही उद्याच करावी म्हणून खचित नव्हे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून तीत प्रवेश मिळत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. ही शर्यत खर्चाची आहे, हेही खरे. पण तिच्यामागील दोन गोष्टींना पैसा लागत नाही, आणि त्या आपल्या शाळांतून याव्यात असे माझे आग्रहाचे मत आहे.

पहिली गोष्ट पोहण्याची. ज्यांच्या घराच्या ओसरीवरून लाटांचा आवाज ऐकू येतो, अशी कित्येक मुले पोहण्यास घाबरतात. आणि ज्यांना थोडेसे येते, ती पावसाळ्यात खवळलेल्या दर्यात उतरून हात दाखवून अवलक्षण करून घेतात. दोन्हींचे कारण एकच: समुद्राशी ओळख नाही. आपण नकाशावर समुद्र रंगवतो, खारे वारे व मतलई वारे पाठ करतो. पण दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येणारा वारा तोंडावर घेऊन सायकल हाकणे म्हणजे काय, ओढ लागली असता प्रवाहाशी न झगडता किनाऱ्याला समांतर का पोहावे, हे शिकवीत नाही. जीवरक्षकाच्या देखरेखीखाली, योग्य ऋतूत, सुरक्षित पाण्यात प्रत्येक विद्यार्थ्यास पोहणे शिकविले गेले पाहिजे. पालकांनी भीतीपोटी मुलास पाण्यापासून दूर ठेवणे, म्हणजे त्याला सुरक्षित ठेवणे नव्हे. पाणी एक दिवस त्याला गाठणारच आहे.

दुसरी गोष्ट टाळ्यांची. या शर्यतीस बहुधा १६ ते १७ तासांची मर्यादा असते. पहिला आठ तासांत येतो आणि त्याचे कौतुक होते. परंतु गर्दी तेवढ्यावर पांगत नाही. रात्र होते, दिवे लागतात, आणि मुदतीची शेवटची मिनिटे उरली असता जो पाय ओढीत येतो, त्याच्यासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. त्यांत पन्नाशी-साठी उलटलेले आजोबा असतात, आजीही असतात. आपल्या वार्षिक क्रीडासंमेलनात मात्र तिसरा क्रमांक लागला की धाव संपली, असे आपण मानतो. मागून येणारा मुलगा रेषेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पुढच्या शर्यतीची शिट्टी वाजते, आणि तो मध्येच मान खाली घालून बाजूस होतो. त्या मुलाने पुढे आयुष्यात कोणतीही लांब वाट धरू नये, हा धडा आपण त्याला नकळत दिलेला असतो.

डोंगर दुरून साजरे दिसतात, हे खरे. पण म्हणीचा रोख डोंगरावर नाही, तो दूर उभ्या राहणाऱ्यावर आहे. जवळ जाऊन, माप घेऊन, धीराने चढणाऱ्यास डोंगर निराळा दिसतो. यंदाच्या क्रीडासंमेलनात लांब पल्ल्याच्या धावेत जो अगदी शेवटी येईल, तो रेषा ओलांडीपर्यंत कोणी जागचे हलू नये, एवढी विनंती करून मी हा लेख पुरा करतो.