शाळेतल्या सिस्टरांचं शिक्षण कधी विचारलंय?

मुलांना शाळेत घालताना आपण काय काय विचारतो! फी किती, बस कुठून सुटते, वर्गात मुलं किती, स्विमिंग पूल आहे का, रोबोटिक्स कितवीपासून. शाळा दाखवणारी ताई मध्येच एक दार उघडते. आत पांढरी चादर घातलेली खाट, भिंतीवर उंची मोजायची पट्टी, कोपऱ्यात वजनकाटा. "ही आमची मेडिकल रूम," ती सांगते. आपण मान डोलावतो आणि पुढे कॉम्प्युटर लॅब बघायला जातो. त्या खोलीत बसणारी व्यक्ती कोण, तिचं शिक्षण काय, हे विचारणारे पालक मी तरी फारसे पाहिलेले नाहीत.

मुलं तिला 'सिस्टर' म्हणतात. सकाळी साडेसात-आठपासून दुपारपर्यंत मुलाला काहीही झालं, तरी आपल्याआधी तिथे तीच पोहोचणार असते. म्हणून या वेळी तिच्याबद्दल बोलूया.

पांढरा कोट म्हणजे नर्स नव्हे

आपल्याकडे नर्स म्हणून काम करायला दोन गोष्टी लागतात. एक, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. दुसरी गोष्ट म्हणजे राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. महाराष्ट्रात महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आहे, तशी कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश अशा इतर राज्यांमध्येही आहे. नोंदणी झाली की क्रमांक मिळतो आणि तिचं ठरावीक काळाने नूतनीकरण करावं लागतं. नुसती पदवी भिंतीवर लावून भागत नाही.

आता दुसरी बाजू. 'जनरल ड्युटी असिस्टंट' नावाचा काही महिन्यांचा कोर्स असतो. तो केलेल्या मुली-मुलं हॉस्पिटलमध्ये रुग्णाला उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं, खाऊ घालणं ही कामं करतात. कष्टाचं आणि महत्त्वाचं काम आहे, त्यात कमीपणा मुळीच नाही. पण तो नर्सिंगचा अभ्यासक्रम नाही. दोन दिवसांचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण म्हणजेही नर्सिंग नाही. अडचण अशी, की मेडिकल रूममध्ये कोणीही बसलं तरी मुलं 'सिस्टर'च म्हणणार आणि आपणही तेच धरून चालणार. काही शाळांमध्ये तर ऑफिसमधल्या मॅडमच गरजेनुसार सिस्टर होतात.

मग शाळेत काम करण्यासाठी वेगळं सर्टिफिकेट असतं का? जी.एन.एम. आणि बी.एस्सी. करताना 'कम्युनिटी हेल्थ नर्सिंग' या विषयात शालेय आरोग्य शिकवतात. पण 'स्कूल नर्स' म्हणून देशभर चालेल अशी स्वतंत्र परीक्षा आपल्याकडे नाही. अमेरिकेत ती आहे. तिथे नोंदणीकृत नर्स झाल्यानंतर राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा देऊन 'नॅशनली सर्टिफाइड स्कूल नर्स' होता येतं आणि दर पाच वर्षांनी ते प्रमाणपत्र नव्याने मिळवावं लागतं. ती परीक्षा ऐच्छिक आहे, पण न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांत शाळेत नर्स व्हायचं तर शिक्षण खात्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात एका नर्समागे जास्तीत जास्त १,५०० विद्यार्थी अशी मर्यादाही घातली आहे. एडिसनला राहणारी एखादी मावशी किंवा आत्या असेल तर तिला विचारा. मुलाला शाळेत साधी गोळी द्यायची तरी डॉक्टरांच्या सहीचा कागद लागतो म्हणून ती वैतागलेली असेल. मला विचाराल तर तो वैताग परवडला.

सुरुवात कशी झाली

शाळेत नर्स हवीच कशाला, हा प्रश्न न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली पडला होता. तिथे शाळांमध्ये डॉक्टर येऊन मुलं तपासायचे. डोळ्यांत खुपऱ्या, डोक्यात उवा, अंगावर नायटा दिसला की मुलाला घरी पाठवायचे. मुलं घरी जायची आणि घरीच राहायची. घरची माणसं नुकतीच परदेशातून आलेली, हातावर पोट असलेली. हातात दिलेली चिठ्ठी अनेकांना वाचताही येत नसे.

लिलियन वॉल्ड या परिचारिकेने महापालिकेला सुचवलं की महिनाभर एक नर्स देऊन बघू. लीना रॉजर्स ही ती नर्स. तिच्याकडे चार शाळा आणि सुमारे दहा हजार मुलं होती. तिने साध्या गोष्टी शाळेतच धुऊन-पुसून, मलम लावून बऱ्या केल्या आणि मुलांना परत वर्गात बसवलं. संध्याकाळी ती त्यांच्या घरी जायची आणि आईला उवांचं औषध कसं लावायचं ते करून दाखवायची. महिनाभरातच शहराने आणखी नर्सेस नेमल्या. वर्षभरात आजारपणामुळे शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या जवळपास नव्वद टक्क्यांनी घटली. डॉक्टर तर आधीही होतेच. फरक पडला तो रोज शाळेत असणाऱ्या आणि घरापर्यंत जाणाऱ्या माणसामुळे.

बँड-एडच्या पलीकडे

गुडघा खरचटला, बँड-एड लावलं, एवढंच सिस्टरांचं काम असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात चांगल्या सिस्टरांकडे एक रजिस्टर असतं आणि खरी गंमत त्या रजिस्टरमध्ये असते. कोण आलं, किती वाजता, कशासाठी, काय केलं. महिनाभराची पानं चाळली की दिसायला लागतं. पाचवीतला एक मुलगा दर मंगळवारी तिसऱ्या तासाला पोट दुखतंय म्हणून येतो. मंगळवारी तिसरा तास कशाचा? पी.टी.चा. मग पोटाचं औषध देण्याऐवजी मैदानावर त्याला कोण त्रास देतंय हे बघावं लागतं. सातवीतली मुलगी पाळीच्या वेळी दर महिन्याला दोन दिवस झोपून असते, तिच्या आईशी बोलावं लागतं. एखादीला जिना चढताना धाप लागते, तिच्या पापणीच्या आतली बाजू फिकी दिसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना ॲनिमिया आहे, आणि मुलांमध्येही प्रमाण ३१ टक्के आहे. आपल्या घरातलं मूल त्यात नसेलच असं धरून चालणं बरं नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला अवघड आहे. अंगावरचे वळ, न सांगता येणारी दुखापत, कपडे बदलताना दचकणारं मूल हे सगळं सिस्टरांना सगळ्यात आधी दिसू शकतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि लपवलं तर शिक्षा आहे. शाळेचं नाव खराब होईल ही सबब कायद्यात बसत नाही. हे ठाऊक असलेली, आणि ठामपणे करणारी व्यक्ती त्या खोलीत हवी.

बाकी तातडीचे प्रसंग येतातच. फिट आलेल्या मुलाच्या नाकाला चप्पल किंवा कांदा लावायला चार जण धावतात, कोणी तोंडात चमचा घालू बघतं. प्रशिक्षित नर्स यातलं काहीच करू देत नाही. ती मुलाला कुशीवर वळवते, आजूबाजूच्या वस्तू हटवते आणि घड्याळ बघते, कारण फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली तर थेट हॉस्पिटल गाठायचं असतं. खेळताना पक्का दात मुळासकट पडला, तर तो मुळाला हात न लावता दुधात ठेवून लगेच डेंटिस्टकडे न्यायचा असतो. तासाभरात पोहोचलं तर दात पुन्हा बसण्याची शक्यता चांगली असते. बहुतेक ठिकाणी तो दात कागदात गुंडाळून आईच्या हातात येतो, तोही संध्याकाळी.

साडेअकराचं इन्शुलिन

आमच्या घरातलीच गोष्ट सांगते. माझ्या मावसबहिणीची मुलगी आठ वर्षांची आहे, हैदराबादला शिकते. दोन वर्षांपूर्वी तिला टाइप १ डायबिटीस झाला. हा गोड खाल्ल्याने होत नाही. यात शरीरात इन्शुलिन तयार होणंच जवळपास थांबतं, म्हणून बाहेरून घ्यावं लागतं, आणि डबा खाण्याआधीही घ्यावं लागतं. शाळेने सांगितलं, आम्ही सुई टोचणार नाही, जबाबदारी कोण घेणार? मग ताई रोज सकाळी अकराला रिक्षाने शाळेत जायची, गेटजवळच्या बाकावर बसायची, साडेअकराला इन्शुलिन द्यायची, पुन्हा घरी. सात महिने असं चाललं. नोकरी अर्थातच सुटली.

नंतर मुलगी दुसऱ्या शाळेत गेली. तिथे जी.एन.एम. झालेल्या, नोंदणी असलेल्या सिस्टर आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी ताईला खुर्ची दिली आणि वही उघडून प्रश्न विचारले. शुगर कितीच्या खाली गेली की हिला काय होतं? घाम येतो की चिडचिड होते? वर्गशिक्षिकेला मी काय सांगू? शुगर ७० च्या खाली गेली की ग्लुकोज किंवा साखर द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, हे त्यांनी पी.टी.च्या सरांनाही शिकवलं. शाळा दोन्ही खासगीच होत्या, फीमध्येही फार फरक नव्हता.

अशा मुलांच्या पालकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सी.बी.एस.ई.ने २०१७ मध्ये टाइप १ डायबिटीस असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेला साखरेच्या गोळ्या, फळ, सँडविच, पाणी सोबत नेण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानेही २०२३ मध्ये राज्यांना लिहिलं, की डॉक्टरांचा सल्ला असेल तर अशा मुलांना वर्गात शुगर तपासू द्यावी, इन्शुलिन घेऊ द्यावं, मधला खाऊ खाऊ द्यावा. शाळा नाही म्हणाली तर शांतपणे याची आठवण करून द्या.

सरकारी शाळांचं काय?

इथे चित्र वेगळं आहे, आणि सगळंच वाईट नाही. शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी भारतात पहिल्यांदा झाली ती १९०९ साली, बडोदा शहरात. सयाजीराव महाराजांनी त्याआधी तीन वर्षं राज्यात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं होतं. बडोद्यातल्या मराठी वाचकांनी याची कॉलर ताठ करावी!

आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये वर्षातून एकदा येतात. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असतात. हृदयाला जन्मजात छिद्र, कमी दिसणं, कमी ऐकू येणं, दात, त्वचा असं बरंच काही तपासतात आणि गरज असेल तर पुढच्या मोफत उपचारांसाठी पाठवतात. तपासणीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, एवढं जरूर पाळा. २०२० पासून आयुष्मान भारतखाली प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना 'हेल्थ अँड वेलनेस ॲम्बेसेडर' म्हणून प्रशिक्षण देण्याची योजनाही आहे.

पण पथक वर्षातून एकदा येतं आणि ॲम्बेसेडर शिक्षकांना गणितही शिकवायचं असतं. मंगळवारी साडेअकराला फिट आली तर दोघांपैकी कोणी नर्स म्हणून तिथे नसतं. प्रत्येक शाळेला एक नर्स देणं खर्चाचं आहे हे मान्य. निदान जवळच्या चार-पाच शाळांना मिळून एक नोंदणीकृत नर्स का नसावी? लीना रॉजर्सकडेही चारच शाळा होत्या.

पुढच्या पालकसभेत

सिस्टरांचं शिक्षण आणि नोंदणी क्रमांक विचारा. वाईट वाटेल म्हणून संकोचू नका. ज्यांनी तीन-चार वर्षं शिकून नोंदणी केलीय त्यांना हा प्रश्न आवडतो. सी.पी.आर.चं प्रशिक्षण शेवटचं कधी घेतलं, तेही विचारा, कारण त्याची प्रमाणपत्रं साधारण दोन वर्षांसाठीच असतात. त्या रजेवर असतात तेव्हा कोण असतं, हा प्रश्न तर विसरूच नका. आणि त्यांनी तुमच्या मुलाला अँटिबायोटिक द्यावं अशी अपेक्षा ठेवू नका, ते डॉक्टरांचं काम आहे.

मग आपल्या बाजूचं काम. एका कागदावर मुलाचे आजार, ॲलर्जी, चालू औषधं आणि त्यांचा डोस, डॉक्टरांचा फोन आणि दिवसा हमखास उचलले जातील असे दोन नंबर लिहून द्या. दम्याचा पंप असेल तर एक जादा पंप आणि स्पेसर मेडिकल रूममध्ये ठेवा, नाव आणि एक्सपायरीची तारीख मोठ्या अक्षरात लिहून. आकडीचा किंवा पूर्वीच्या ऑपरेशनचा इतिहास 'लोक काय म्हणतील' म्हणून लपवू नका. हा कागद जूनमध्ये एकदा द्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा बघा. मुलांची वजनं वाढतात, डोस बदलतात, आणि पंप बहुतेक तोवर संपत आलेला असतो.