पाठ भिंतीला, नजर दाराकडे

आघातोत्तर तणावविकार म्हणजे पीटीएसडी झालेला सैनिक दवाखान्याच्या खोलीत शिरला की आधी दार हेरतो आणि भिंतीला पाठ लावून बसता येईल अशी खुर्ची शोधतो. आघाडीवर जीव वाचवणारी सावधगिरी घरी परतल्यावरही सुटत नाही, हेच या विकाराचे एक प्रमुख लक्षण. अशा रुग्णांसाठी वास्तू सजवताना भिंतींच्या रंगाआधी खुर्चीच्या जागेचा विचार व्हायला हवा.

पहिल्या महायुद्धातल्या एका प्रयोगाची सगळी भिस्त रंगावर होती. लंडनच्या मॅकॉल रुग्णालयात केम्प प्रॉसर यांनी ‘शेल शॉक’ म्हणजे युद्धातला मानसिक आघात झालेल्या अधिकाऱ्यांसाठी पिवळ्या भिंतींचा, आकाशी छताचा कक्ष रंगवला. रंगाने रोग हटेल ही समजूत भाबडीच. पण खोलीचाही मनावर परिणाम होतो, हे निदान त्यांनी मनावर घेतले. मोजून पाहिलेला पुरावा मिळायला १९८४ उजाडले. संशोधक रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. हे रुग्ण सैनिक नव्हते, हे मात्र या अभ्यासाचा दाखला देणारे बऱ्याचदा सांगत नाहीत.

अमेरिकेत बेथेस्डा येथे २०१० मध्ये देणग्यांतून उभ्या राहिलेल्या ‘नॅशनल इंट्रेपिड सेंटर ऑफ एक्सलन्स’मध्ये मेंदूला मार लागलेल्या आणि मनाने खचलेल्या सैनिकांवर एकत्र उपचार होतात. आत ‘सेंट्रल पार्क’ नावाचे दालन आहे; तिथल्या फरशीवरील वळणावळणाच्या वाटेने रुग्ण सावकाश चालतात. कलोपचारात सैनिक स्वतःचे मुखवटे रंगवतात. टाके घातलेले ओठ, अर्धा उडालेला चेहरा असे ते मुखवटे भिंतीवर लागतात. अशा जागी गुळगुळीत निसर्गचित्रे टांगण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

बाकी गोष्टी साध्या, पण हटकून राहून जाणाऱ्या. ट्यूबलाइटची लुकलुक मेंदूला इजा झालेल्यांचे डोके उठवते. धाडकन आपटणाऱ्या दाराला डोअर क्लोजर हवा. पलीकडचे दिसत नाही असे कोपरे टाळायला हवेत. पडदा आणि दिवा रुग्णाच्या हाताशी हवा; आघातात हरवलेला ताबा निदान तेवढा तरी परत मिळतो.

यातले काहीही समुपदेशनाची वा औषधाची जागा घेत नाही. तरीही नकाशा मंजूर होण्याआधी तो अशा उपचारांतून गेलेल्या सैनिकांना दाखवणे बंधनकारक करावे. कुठल्या खुर्चीत बसवणार नाही, हे ते बोट ठेवून सांगतील.