'साठी बुद्धी नाठी' म्हणण्यापूर्वी

मराठी घरांतून 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मोठ्या सहजतेने वापरली जाते. थट्टेत ती खपूनही जाते. परंतु घरातील आजोबा एकाच सकाळी तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारतात, रोजच्या वाटेवर गोंधळतात, भाजीचे पैसे देताना हिशेबात अडखळतात, तेव्हा हीच म्हण त्यांच्या उपचाराच्या आड येते. 'वय झाले' असे म्हटले की सर्वांचे समाधान होते आणि मोलाचा काळ हातचा जातो.

वस्तुतः अल्झायमर हा वार्धक्याचा अटळ भाग नसून मेंदूचा विकार आहे. जर्मन वैद्य आलोईस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्ट येथे ऑगस्टे डेटर या रुग्णेस प्रथम तपासले, तेव्हा तिचे वय अवघे ५१ होते. स्वतःचे नाव लिहितानाही ती मध्येच थांबे. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीत पेशींबाहेर साचलेला थर आणि पेशींच्या आत पडलेला तंतूंचा गुंता त्यांना आढळला. हा थर बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचा आणि गुंता टाऊ या प्रथिनाचा, हे पुढे सिद्ध झाले. नव्या आठवणी साठविणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर झिजतो. म्हणूनच बालपण लख्ख आठवते, सकाळची न्याहारी मात्र आठवत नाही. ही पडझड लक्षणांपूर्वी दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही आधी सुरू झालेली असते.

कारण एकच नाही. वय व आनुवंशिकता आपल्या हाती नाहीत. परंतु मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, बहिरेपणा, एकाकीपणा यांवर उपाय आहेत. अशा १४ घटकांना आवर घातल्यास स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के प्रसंग टळू अथवा लांबू शकतील, असा 'लॅन्सेट' आयोगाचा २०२४ चा अंदाज आहे. श्रवणयंत्र लावण्यास लाजणाऱ्या ज्येष्ठांनी हा आकडा ध्यानात ठेवावा!

बेंगळुरूकर या बाबतीत भाग्यवान आहेत. येथे 'निम्हान्स' आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर येथील ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी हैदराबादेतील ६४८ रुग्णांच्या अभ्यासातून २०१३ मध्ये दाखविले, की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा प्रकटतो. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्या येथील मराठी कुटुंबांना ही वार्ता सुखावह वाटावी.

या विकाराची चाहूल पुष्कळदा बँकेच्या खिडकीवर लागते. निदानाच्या सुमारे सहा वर्षे आधीपासूनच देणी थकू लागतात, असे २०२० मधील एका अमेरिकी संशोधनात आढळले. बदललेली सही, एकाच दिवशी दोनदा काढलेली रक्कम, हरवल्याची पुनःपुन्हा तक्रार होणारे पासबुक यांकडे केवळ 'नियमात बसत नाही' म्हणून पाहणे योग्य नव्हे. अशा वेळी ग्राहकास चारचौघांत ताटकळत ठेवण्याऐवजी बाजूस बसवून विचारपूस करणे, हेही बँकिंगच आहे.

कुटुंबांचा एक गैरसमज मात्र महागात पडतो. कुलमुखत्यारपत्र करून ठेवले की काम झाले, असे अनेकांना वाटते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुख्य व्यक्तीची बुद्धी भ्रष्ट होताच तो अधिकार संपुष्टात येतो. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी कागद निरुपयोगी ठरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने १९८७ चा कायदा रद्द झाला आणि रुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची त्यातील तरतूदही गेली. परिणामी अनेक कुटुंबांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. जाणतेपणी उघडलेले, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' या अटीचे संयुक्त खाते त्याहून सोपे पडते. अर्थात दुसरा खातेदार विश्वासाचा हवा. तशी उणीव कोणत्याही अर्जाने भरून निघत नाही. नामनिर्देशनही त्याच भेटीत उरकावे. ते मृत्यूनंतर उपयोगी पडते, आजारपणात नव्हे, हा फरक खिडकीवरील कर्मचाऱ्याने त्याच वेळी समजावून सांगावा.