चिकणा चेहरा म्हणून त्याला मोडीत काढू नका

‘स्क्विड गेम’चा दुसरा भाग 26 डिसेंबर 2024 ला आला आणि 333 क्रमांकाच्या खेळाडूवर सगळ्यांनी तोंडसुख घेतलं. यूट्यूबवरून क्रिप्टोचे सल्ले देणारा, स्वतः बुडालेला, लोकांनाही बुडवलेला आणि गरोदर मैत्रिणीला वाऱ्यावर सोडून पसार झालेला म्यंग-गी. त्याचा संताप यावा असंच ते पात्र आहे, आणि तो आला. म्हणजे नटाचं काम चोख झालं. पण हा नट, इम शी-वान, मूळचा के-पॉप गायक आहे हे कळलं की आपल्याकडे सूरच बदलतो. “अच्छा, म्हणजे पोरींचा हिरो!” एवढं बोलून माणसं विषय मिटवतात. मला हे पटत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत नोकरदार माणसाची घुसमट पडद्यावर ज्यांनी खरी करून दाखवली त्यांत मी शी-वानचं नाव फार वर घेईन. आणि माझं म्हणणं असं आहे की तो आयडॉल, म्हणजे के-पॉप गटातला गायक, होता म्हणूनच हे त्याला जमलं.

तो बुसानचा, जन्म 1988 चा. बुसान म्हणजे दक्षिण कोरियाचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, बंदर आणि कारखान्यांचं, स्वतःच्या ठसकेबाज बोलीचं. तिथल्या नावाजलेल्या पुसान नॅशनल युनिव्हर्सिटीत त्याला मेकॅनिकल इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता. गाण्याच्या एका स्पर्धेत तो स्टार एम्पायर या कंपनीच्या नजरेत भरला आणि इंजिनीअरिंग सोडून सोलला गेला. जानेवारी 2010 मध्ये ‘झे-आ’ नावाचा नऊ मुलांचा गट बाजारात उतरला, त्यातला तो एक. गट कधी पहिल्या फळीत गेला नाही. नऊ जण एका रांगेत नाचायचे. गाण्यात ज्याच्या वाट्याला दोन-चार सेकंद यायचे त्याने तेवढ्यात चेहरा लक्षात राहील असं काहीतरी करायचं. जमलं नाही तर पुढच्या महिन्यात दुसरा गट तयारच असतो.

बाहेरून ही झगमग दिसते. आतून तो करार असतो. पोरांना कोवळ्या वयात घ्यायचं, राहायची सोय करायची, गाणं-नाच शिकवायचा, आणि हा सगळा खर्च पुढे त्यांच्याच कमाईतून वळता करायचा. खर्च फिटेपर्यंत हातात काही पडेलच असं नाही. जुलै 2009 मध्ये ‘टीव्हीएक्सक्यू’ या त्या वेळच्या सर्वांत गाजलेल्या गटातल्या पाचांपैकी तिघांनी आपल्याच कंपनीला कोर्टात खेचलं, कारण करार 13 वर्षांचा होता. त्याच वर्षी तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने नमुना करार काढला आणि मुदतीला 7 वर्षांची मर्यादा घातली. शी-वानची पिढी या नव्या नियमाखालची. तरी सप्टेंबर 2014 मध्ये झे-आचा म्होरक्या मून जुन-यंग याने कमाईच्या वाटपावरून कंपनीच्या प्रमुखावर ट्विटरवर जाहीर आरोप केले. पुढे दोघांत समेट झाल्याचं सांगण्यात आलं. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच शी-वानची ‘मिसेंग’ ही मालिका सुरू झाली. तिचा नायक कंत्राटी कामगार आहे.

‘मिसेंग’कडे वळण्याआधी ‘द अटर्नी’ या चित्रपटाबद्दल बोलायला हवं. अभिनयात त्याचं पहिलं नाव झालं ते 2012 च्या ‘द मून एम्ब्रेसिंग द सन’ या ऐतिहासिक मालिकेत. नायिकेचा देखणा, हुशार भाऊ. सुरुवातीच्या काही भागांपुरताच. अशा भूमिकेत सुंदर दिसलं की भागतं. डिसेंबर 2013 मध्ये आलेल्या ‘द अटर्नी’त मात्र सुंदर दिसायला वावच नव्हता.

या चित्रपटामागची घटना खरी आहे. चुन दू-ह्वानच्या लष्करी राजवटीत, 1981 मध्ये, बुसानमधल्या 22 जणांना उचललं गेलं. विद्यार्थी, शिक्षक, कार्यालयात काम करणारी माणसं. गुन्हा काय, तर एकत्र बसून पुस्तकं वाचत होते. ई. एच. कार यांचं ‘व्हॉट इज हिस्टरी?’ हे पुस्तकही राजद्रोहाचा पुरावा ठरलं. कोठडीत छळ करून त्यांच्याकडून कबुलीजबाब घेतले गेले. त्यांच्या वकिलांमध्ये रो मू-ह्युन होते, जे पुढे 2003 मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. चित्रपटात या वकिलाची भूमिका साँग कांग-हो करतो. शी-वान झालाय जिन-ऊ, डुकराच्या मांसाचा रस्सा-भात विकणाऱ्या खानावळवालीचा मुलगा.

तुरुंगातल्या भेटीचा प्रसंग बघा. आई आणि वकील बऱ्याच खटपटीनंतर आत पोचलेत. मुलगा समोर आणला जातो, अंगावर वळ आहेत. आईला बघून तो रडेल, धावेल, निदान हात पुढे करेल असं आपल्याला वाटतं. तो तसं काही करत नाही. नजर ठरत नाही, ओठांतून पढवल्यासारखे शब्द येतात, समोरची बाई आपली आई आहे हे त्याच्यापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. मारहाणीचे प्रसंग पुढे-मागे आहेतच, पण छळ माणसाचं काय करतो ते मला या भेटीत कळलं. पंचविशीतल्या, नाचगाण्यातून आलेल्या मुलाने साँग कांग-होसमोर हे पेललं. एक कोटीहून अधिक तिकिटं खपली. फेब्रुवारी 2014 मध्ये, चित्रपट अजून लोकांच्या तोंडी असताना, बुसानच्या न्यायालयाने फेरसुनावणीत पाच जणांना निर्दोष ठरवलं. चित्रपटामुळे निकाल लागला असं मी म्हणणार नाही. पण तीस वर्षांपूर्वीची ती फाइल नव्या पिढीच्या घराघरांत पोचली ती या चित्रपटामुळे, आणि त्या फाइलला चेहरा मिळाला तो या आयडॉलचा.

आता ‘मिसेंग’. इथे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. आमचं मस्टर वेगळं, तासाप्रमाणे पैसे, सुट्टीचे पैसे नाहीत, नवं वर्ष आलं की पुन्हा अर्ज आणि पुन्हा मुलाखत, आणि मानधन कधी कधी महिनोन् महिने रखडलेलं. सेट-नेट झालेली, पीएचडी केलेली माणसं चाळिशी ओलांडून याच रांगेत उभी आहेत. त्यामुळे मालिकेचा नायक जांग ग्रे हा मुलगा मला मनोरंजन म्हणून बघताच आला नाही.

युन ते-हो या चित्रकाराच्या वेबटूनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रकथेवरून, बेतलेली ही 20 भागांची मालिका ऑक्टोबर ते डिसेंबर 2014 या काळात टीव्हीएन या केबल वाहिनीवर दाखवली गेली. दिग्दर्शक किम वॉन-सोक. ग्रेने लहानपणापासून फक्त बादुक खेळलंय, म्हणजे पूर्वेकडचा तो काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ. व्यावसायिक खेळाडू व्हायचं राहून गेलं. हातात धड पदवी नाही, बाहेरून दिलेली शालेय परीक्षा तेवढी आहे. कुणाच्या तरी शब्दावर तो एका मोठ्या व्यापारी कंपनीत इंटर्न म्हणून लागतो. अंगात ढगळ सूट, भोवती परदेशी भाषा बोलणारी, नामांकित विद्यापीठांतली पोरं. पहिल्याच भागात सगळ्या इंटर्नना मासळीच्या कारखान्यावर पाठवतात, खारवलेल्या माकुळांच्या पिंपांत दुसरा माल मिसळलाय का ते हाताने चाचपायला. बाकीचे आपापसांत ठरवून निघून जातात. त्याला कुणी सांगत नाही. तो एकटा कोपरापर्यंत हात घालून चाचपत राहतो. शी-वान इथे बिचारा दिसायचा प्रयत्न करत नाही. तो फक्त काम करतो, मन लावून, आणि आपल्याला ते बघवत नाही.

पुढे एकदा दुसऱ्या विभागातल्या इंटर्नच्या हलगर्जीमुळे गोपनीय कागद खाली लॉबीत सापडतो आणि आळ ग्रेवर येतो. त्याचे वरिष्ठ ओ साहेब त्याला झाडतात. खरं काय ते कळल्यावर त्याच रात्री, दारूच्या नशेत, ते त्या दुसऱ्या विभागाच्या साहेबाला सुनावतात की तुमच्या पोराने गोंदाचा घोळ घातला आणि बोलणी आमच्या पोराला बसली. झालं, एवढंच. ‘आमचं पोर’ म्हणून कुणीतरी त्याला आपल्यात धरलं. त्या क्षणी शी-वानच्या चेहऱ्यावर जे येतं ते कोरड्या जमिनीवर पाणी पडल्यासारखं आहे. मान खाली, डोळे भरलेले, आणि हसू आवरायची धडपड. ली संग-मिनसारखा रंगभूमीवर मुरलेला नट ओ साहेबांच्या भूमिकेत समोर असताना प्रसंग या मुलाच्या हातात राहतो.

आणि तो भेटवस्तूंचा प्रसंग! सणाला कंपनी सगळ्यांना खोकी वाटते. कायम नोकरीतल्यांना डबाबंद हॅम, कंत्राटी लोकांना खाण्याचं तेल. किंमत किती कमी-जास्त हा प्रश्नच नाही. बरोबरीने रात्री जागवलेल्या चौघांपैकी एकाच्या हातात वेगळं खोकं आहे, आणि ते सगळ्यांना दिसतंय. ज्यांनी वेगळ्या मस्टरवर सही केलीय त्यांना यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी ग्रे कायम होत नाही. ओ साहेब त्याला कायम करून घेण्यासाठी एका संशयास्पद व्यवहारात हात घालतात, त्यात त्यांनाच नोकरी सोडावी लागते, आणि ग्रेचा करार संपतो. पुढे दोघे एका नव्या छोट्या कंपनीत भेटतात, पण मोठ्या कंपनीचं दार काही उघडत नाही. मालिका इथे खोटं बोलत नाही, याचा मला आदर वाटतो.

ती एवढी गाजली की कोरिया सरकारने कंत्राटी नोकरीची दोन वर्षांची मर्यादा, पस्तिशी उलटलेल्यांसाठी, चार वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा लोकांनी त्याला नाव दिलं ‘जांग ग्रे कायदा’. ग्रेला कायम व्हायचं होतं. सरकार त्याला आणखी दोन वर्षं लटकवायला निघालं होतं. कामगार संघटना खवळल्या. आणि 2015 मध्ये शी-वान कामगार मंत्रालयाच्या, श्रमसुधारणांची भलामण करणाऱ्या जाहिरातीत झळकला. त्याच्यावर कडक टीका झाली आणि ती रास्त होती. ज्या चेहऱ्यावर लाखो कंत्राटी माणसांनी विश्वास टाकला तो त्या बाजूला दिसायला नको होता. त्याच्या कामाबद्दल मला कितीही प्रेम असलं तरी हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जानेवारी 2017 मध्ये कराराची 7 वर्षं संपली आणि तो नटांचं काम बघणाऱ्या कंपनीकडे गेला. त्याच वर्षी त्याचा ‘द मर्सिलेस’ हा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला. मग सक्तीची लष्करी सेवा, 2019 पर्यंत. परतल्यावर त्याने जे निवडलं ते पाहा. ‘स्ट्रेंजर्स फ्रॉम हेल’मध्ये सोलच्या एका कोंदट, खुराड्यासारख्या खोलीत राहायला आलेला बाहेरगावचा तरुण. ‘इमर्जन्सी डिक्लरेशन’मध्ये विमानात विषाणू सोडणारा, थंडगार हसणारा माणूस. ‘रोड टू बॉस्टन’मध्ये धावपटू सो युन-बोक, ज्याने 1947 ची बॉस्टन मॅरेथॉन 2 तास 25 मिनिटे 39 सेकंदांत जिंकली. ‘बॉयहूड’मध्ये, स्वतःची पस्तिशी आलेली असताना, 1989 सालच्या ग्रामीण भागातला मार खाणारा शाळकरी पोरगा. यातली एकही भूमिका चेहरा विकण्यासाठी घेतलेली दिसत नाही.

नऊ जणांच्या रांगेत दोन सेकंदांसाठी उभं राहिलेल्याला आपण कधीही बदलले जाऊ शकतो हे ठाऊक असतं. नाट्यशाळेत हे शिकवत नाहीत. ग्रेच्या खांद्यांत, जिन-ऊच्या नजरेत मला तेच दिसतं. म्हणून ‘आयडॉल आहे, तरी बरा करतो’ या वाक्यातला ‘तरी’ काढून टाकायला हवा.

आणि एक मागणं आपल्या लेखक-निर्मात्यांकडे. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, तांत्रिक खंड देऊन पुन्हा घेतलेली, तासावर आणि मानधनावर राबणारी माणसं घरोघरी आहेत. मराठी मालिकांत सासर-माहेर पुष्कळ झालं. आमच्यातल्या एखाद्याला नायक करा, त्याला ऑफिसात नीट काम करताना दाखवा, आणि शेवटच्या भागात खोटी कायम ऑर्डर त्याच्या हातात देऊ नका.