एकदा तरी स्वतः कंपाईल करा राव!

सुट्टीला ऊर्जानगरला घरी आलोय. मे महिना, पारा ४५च्या पुढे, कूलर घरघरतोय आणि लॅपटॉपवर विंडोजमध्ये क्यूटी कंपाईल होतंय. (एकदाच कोड लिहा, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हीकडे खिडक्या आणि बटणं मिळवा, अशी ही लायब्ररी.) टीममधल्या मित्राला फोनवर सांगितलं तर हसला. "अरे, इन्स्टॉलर आहे ना! नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश. वीकेंड कशाला फुकट घालवतोस?"

मंडळी, ह्या "कशाला"वरच माझा आक्षेप आहे.

जानेवारी २०२०मध्ये क्यूटी कंपनीने जाहीर केलं की तयार बायनरी हवी तर खातं उघडा, आणि ऑफलाईन इन्स्टॉलर फक्त पैसे भरणाऱ्यांना. २०२१पासून ५.१५ आवृत्तीच्या पुढच्या दुरुस्त्याही आधी त्यांनाच मिळू लागल्या. केडीईवाले रडत बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी दुरुस्त्यांचा स्वतःचा संच ठेवायला सुरुवात केली. पण तो संच म्हणजे नुसता सोर्स! कोणीतरी कंपाईल केल्याशिवाय त्याचा उपयोग शून्य. म्हणजे लायसन्स हक्क देतं, पण तो वापरायची अक्कल आपली आपणच कमवायची.

दुसरं कारण मराठीचं. क्यूटीमध्ये हार्फबझ नावाचा एक भाग असतो, तो अक्षरं नीट जुळवतो. तो वगळून बिल्ड केलं तर "ऊर्जानगर"मधला रफार जागेवर बसत नाही आणि "चिमणी"ची वेलांटी च च्या नंतर जाऊन पडते. नेक्स्ट-नेक्स्ट करणाऱ्याला असा काही भाग आहे हेच ठाऊक नसतं. मग मराठी तुटली की तो फॉन्टला शिव्या घालतो!

मान्य, वेळ जातो. माझा पहिला बिल्ड वेबइंजिनपाशी अडकला, कारण त्याच्या पोटात अख्खं क्रोमियम आहे. चूक माझीच, मला ते नकोच होतं. ते वगळून फक्त क्यूटीबेस घेतलं आणि जेवणं होईस्तोवर काम झालं. रोज करा असं मी म्हणतच नाही. एकदा करा, म्हणजे काय घेतलंय आणि काय सोडलंय ते कळेल.

असो. गच्चीवरून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. २९२० मेगावॅटचं केंद्र. बटण दाबल्यावर दिवा कसा लागतो, हे इथल्या पोरांना कोळशापासून माहीत असतं. आपण तर स्वतःला इंजिनिअर म्हणवतो. आपल्याच बटणामागे काय जळतंय, ते एकदा तरी बघायला नको? :-)