विज्ञानकथेचें संमेलन व यंत्राचा कौल

विज्ञानकथेच्या जागतिक संमेलनाविषयीं मराठी वाचकांपुढें लिहावयाचें म्हणजे प्रथम एक गैरसमज दूर करणें प्राप्त आहे. हें संमेलन म्हणजे चित्रपटांतील नटनट्यांस पाहण्यासाठीं जमलेली जत्रा नव्हे. तशी जत्रा ज्यास हवी त्यानें सॅन डिएगोस जावें. 'वर्ल्डकॉन' या नांवानें ओळखलें जाणारें हें संमेलन १९३९ सालीं न्यूयॉर्क येथें सुमारें दोनशें वाचकांनीं भरविलें, आणि महायुद्धाचीं १९४२ ते १९४५ हीं वर्षें सोडल्यास तें दरसाल भरत आलें आहे. येथें तिकीट मिळत नाहीं. मिळतें तें सभासदत्व. व्यासपीठावर बसणारा कादंबरीकार आणि शेवटच्या रांगेंतला विद्यार्थी हे दोघेहि एकाच मंडळीचे सभासद. परिसंवादांत बोलणारांस मानधन नाहीं. उलट बहुतेकांस सभासदत्वाची वर्गणी स्वतःच भरावी लागते. पाहुण्यांच्या सरबराईपासून खुर्च्या मांडण्यापर्यंतचें काम विनावेतन चालतें. १९५३ पासून देण्यांत येणारीं ह्यूगो पारितोषिकें सभासदांच्या मतांनीं ठरतात, आणि पुढील संमेलन कोणत्या शहरीं भरावें हेंहि तेच ठरवितात.

या संमेलनाची कार्यक्रमपत्रिका एकदां तरी डोळ्यांखालून घालावी. पांच दिवस, सकाळपासून रात्रीं उशिरापर्यंत, अनेक दालनांत एकाच वेळीं परिसंवाद चाललेले असतात. एकीकडे परग्रहावरील वातावरणाच्या रसायनाची चर्चा, शेजारच्या दालनांत काल्पनिक भाषांचें व्याकरण, आणि त्यापलीकडे नवशिक्या लेखकांच्या हस्तलिखितांची चिरफाड करणारी कार्यशाळा. ही कार्यशाळा म्हणजे पोरखेळ नव्हे. १९५६ सालीं डेमन नाइट प्रभृतींनीं मिलफर्ड येथें जी पद्धति घातली, म्हणजे लेखकानें मुकाट्यानें बसावें आणि बाकीच्यांनीं आळीपाळीनें त्याची कथा तपासावी, तीच १९६८ पासून क्लॅरियनच्या कार्यशाळेंत व तेथून जगभर गेली. दहाबारा वाचकांनीं एखाद्या लेखकासह कॉफी घेत तासभर एका मेजाभोंवतीं बसावें, अशीहि सोय असते. माहिती-पुस्तिकेंत चाकांच्या खुर्चीनें येणारांसाठीं वाटा दाखविलेल्या असतात, गर्दीनें शिणलेल्यांसाठीं शांत खोली राखलेली असते. आणि रसिकांत तोंडातोंडीं चालत आलेला एक नियम नवख्यास आवर्जून सांगितला जातो: रोज निदान पांच तास झोप, दोन वेळां जेवण व एक स्नान. आमच्याकडील साहित्यसंमेलनांतले परिसंवाद ज्यांनीं ऐकले आहेत, वक्त्यानें लिहून आणलेला निबंध खालमानेनें वाचावा व अध्यक्षानें घड्याळाकडे पाहावें हा प्रकार ज्यांनीं सोसला आहे, त्यांस या मंडळींचा हेवा वाटल्यावांचून राहणार नाहीं. आम्हांस तो वाटतो, हें आम्ही लपवीत नाहीं.

म्हणूनच २०२५ सालीं सिॲटल येथील संमेलनाच्या चालकांनीं जें केलें, त्याचा आम्हांस संताप आला. परिसंवादांत भाग घेऊं इच्छिणारांचे तेराशेंहून अधिक अर्ज त्यांच्यापुढें होते. त्यांतील कोणावर पूर्वीं दुर्वर्तनाचा बोभाटा झाला आहे काय, हें पाहणें त्यांस अवश्य वाटलें. आणि तें पाहण्यासाठीं अर्जदारांचीं नांवें त्यांनीं 'चॅटजीपीटी' या संभाषणयंत्रास दिलीं. कोंकणांत अडल्या कामीं देवास कौल लावतात. पण तेथें कौल मागणारा स्वतः हजर असतो, आणि देवास काय विचारलें हें साऱ्या गांवास ऐकूं जातें. येथें कौल लावला गेला तो ज्यांच्या नांवानें, त्यांच्या कानावर त्या वेळीं त्याची वार्ताहि नव्हती.

आणि हें दैवत तरी कसलें! अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दापुढें कोणता शब्द शोभेल याचा अदमास बांधणें, हा या यंत्राचा मूळ धर्म. सत्य सांगणें हा नव्हे. एका नांवाचीं दोन माणसें त्यास एक वाटूं शकतात. आणि जें घडलेंच नाहीं तें तें अशा निःशंक स्वरांत सांगतें कीं, अनुभवी वाचकहि फसावा. शिवाय त्याच यंत्राच्या मालकांविरुद्ध, आपल्या पुस्तकांचा परवानगीवांचून वापर केला म्हणून, जॉर्ज आर. आर. मार्टिन प्रभृति लेखकांनीं सप्टेंबर २०२३ मध्यें न्यायालयांत दावा लावलेला होता. ज्याच्यावर घरफोडीची फिर्याद चालू आहे, त्यासच दारावर पाहारेकरी नेमण्याचा हा प्रकार झाला.

चालकांच्या बाजूनें दोन सबबी पुढें आल्या. एक ही कीं, स्वयंसेवकांचे शेंकडों तास वांचले. दुसरी ही कीं, अखेरचा निर्णय यंत्राचा नसून माणसांचाच होता. दुसरी सबब वरवर बिनतोड दिसते, म्हणून तिचाच आधीं विचार करूं. यंत्रानें ज्याच्या नांवापुढें कांहीं लिहिलें, त्याची चौकशी माणसानें केली असेल. पण त्या चौकशीस बसणाराच्या मनांत डाग आधींच पडलेला असतो. आणि यंत्र ज्याविषयीं गप्प राहिलें, त्याची चौकशी कोणीं केली? चाळण दुसऱ्याच्या हातीं दिल्यावर धान्य आम्हींच निवडलें असें म्हणण्यांत काय अर्थ? राहिली वेळेची सबब. तेराशें माणसांची माहिती मिळविण्यास वेळ पुरत नसेल तर अर्ज कमी घ्यावे, काम अधिक जणांत वांटावें, अथवा सभासदांसच उघडपणें विचारावें. जेथें सारेंच काम फुकट व हौसेनें करावयाचें, तेथें वेळ वांचवून तो ठेवावयाचा तरी कोठें?

गवगवा झाल्यावर अध्यक्षांनीं क्षमा मागितली. ह्यूगो पारितोषिकांच्या व्यवस्थेंतील तिघांनीं राजीनामे दिले. यून हा ली या लेखकानें पारितोषिकासाठीं निवडलेली आपली कादंबरी स्पर्धेंतून काढून घेतली. निवडीची तपासणी यंत्रावांचून पुन्हां करण्याचें चालकांनीं पत्करलें. हें सर्व योग्यच झालें. परंतु दोष यंत्राचा होता, तें दूर केलें कीं प्रकरण मिटलें, असें जे म्हणतात त्यांच्याशीं आमचा मतभेद आहे.

ऑक्टोबर २०२३ मधील चेंगदू येथील संमेलन आठवावें. तेथें असलें यंत्र नव्हतें. होतीं तीं हाडामांसाचीं माणसें. पुढें जानेवारींत मतांचे आंकडे प्रसिद्ध झाले, तेव्हां आर. एफ. क्वांग यांची 'बेबल' ही कादंबरी पुरेशीं मतें मिळूनहि अपात्र ठरविली गेल्याचें दिसलें. कारण? एका अक्षरानेंहि दिलेलें नव्हतें. याच कादंबरीस अमेरिकेंतील लेखकांच्या संस्थेनें नेब्युला पारितोषिक दिलें होतें! फेब्रुवारींत अंतर्गत पत्रव्यवहार बाहेर आला आणि कळलें कीं, यजमान देशाच्या सरकारास कोण खुपेल याचा अंदाज घेण्यासाठीं पारितोषिकांच्या पाश्चात्य व्यवस्थापकांनींच लेखकांच्या लिखाणाचीं व प्रवासाचीं टिपणें तयार केलीं होतीं. एका टीकाकाराची नेपाळची यात्रा त्यांत तिबेटची यात्रा म्हणून गणली गेली. माणसांनीं केलेलें टिपण, आणि तरी यंत्रास शोभेल अशी चूक!

आणखी मागें जावें. १९३९ च्या पहिल्याच संमेलनांत सहा तरुणांस दारांतून परत पाठविण्यांत आलें. निमित्त झालें एका पत्रकाचें. गंमत ही कीं, त्या पत्रकाचा कर्ता डेव्ह काइल आंत जाऊन बसला होता, आणि बाहेर राहिले ते फ्रेडरिक पोल, डॉनल्ड वोलहाइम, सिरिल कॉर्नब्लुथ यांसारखे, ज्यांच्या लेखनानें व संपादनानें पुढें या वाङ्मयाचें एक युग घडलें. पोल यांस १९७२ च्या संमेलनांत सन्माननीय पाहुणे म्हणून बोलावण्याची पाळी आली. तेव्हां यंत्र असो वा नसो, रोग जुनाच आहे. सभासदांनीं सोंपविलेलें काम करतां करतां चालकांस आपण यजमान आहों असें वाटूं लागतें, आणि घरांत कोणास घ्यावें याचीं कारणें यजमान थोडींच सांगत बसतो!

या संदर्भांत एक मराठी गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेसाठीं नारायण विनायक जगताप या नांवानें 'कृष्णविवर' ही कथा आली व तिला पहिलें बक्षीस मिळालें. जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरें उलटीं करून घेतलेलें तें नांव होतें. आपल्या कीर्तीनें परीक्षकांचें मत झुकूं नये, म्हणून एवढा मोठा शास्त्रज्ञ नांव झांकून स्पर्धेस उतरला. परीक्षकांपुढें कागद होता, माणूस नव्हता. सिॲटलला याच्या नेमकें उलट झालें: यंत्रापुढें नांव होतें, त्या नांवाच्या माणसानें काय लिहिलें, काय विचार केला, याचा प्रश्नच नव्हता.

दुर्वर्तनी माणसास व्यासपीठ देऊं नये, हें आम्हांसहि मान्य आहे. संमेलनांत स्त्रियांस व नवख्यांस झालेला उपद्रव काल्पनिक नाहीं, आणि आचारसंहिता उगाच आलेली नाहीं. पण आरोप करावयाचा तो तोंडावर करावा, आणि उत्तरास अवसर द्यावा. निवड कोण करतो, कशाच्या आधारें करतो, नाकारलेल्यास कारण कळतें कीं नाहीं, आणि दाद मागावयाची ती कोणाकडे, हें सारें सभासदांस दिल्या जाणाऱ्या माहिती-पुस्तिकेंत आधींच छापलेलें असावें. त्यास एका पानाहून अधिक जागा लागणार नाहीं. पिण्याचें पाणी कोठें मिळतें हें दाखविणाऱ्या नकाशाच्या पाठीमागें तेवढी जागा खचित निघेल.