संधानाची सामग्री : गावच्या पेठेतील की परदेशची?

आसवे व अरिष्टे स्वतः सिद्ध करणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील वैद्यबंधूंमध्ये आणि लहान औषधालयांच्या चालकांमध्ये सध्या एक विषय वारंवार निघतो. किण्वाची पाकिटे, भांड्यातील वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा, घनतामापक, गाळण्याची साधने, इतकेच काय मनुका व ज्येष्ठमधही परदेशातून थेट मागविल्यास बरेच स्वस्त पडते. मग बीड, अंबाजोगाई वा परळीच्या पेठेत जादा दाम का मोजावेत? प्रश्न रास्त आहे. जो वैद्य आपल्या रुग्णांसाठी आपल्याच देखरेखीखाली औषध बनवितो, त्याला पैशाचा हिशेब ठेवावाच लागतो. केवळ स्वदेशीचा जयघोष करून त्याचे समाधान होणार नाही.

ही स्वस्ताई येते कोठून, हे प्रथम पाहू. इंग्लंडमध्ये घरगुती बिअर करण्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी बिअर करण्यास मोकळीक दिली. त्यानंतर तेथे हौशी लोकांसाठी या सामग्रीचा मोठा व्यापार उभा राहिला आणि माल घाऊक प्रमाणात निघू लागल्याने भाव उतरले. म्हणजे ही सामग्री ज्याच्यासाठी घडविली गेली तो गिऱ्हाईक आपण नव्हे. त्याला थोड्या दिवसांत, स्वच्छ चवीचे, भरपूर मद्य हवे असते. आपल्याला द्रव्यांचे वीर्य उतरण्यापुरते आणि औषध टिकण्यापुरतेच मद्य हवे.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. द्राक्षमद्यासाठी विकल्या जाणाऱ्या किण्वाच्या काही जाती चौदा ते अठरा टक्के मद्यातही तग धरतात. आपल्या आसवारिष्टांत स्वयंजनित मद्य बारा टक्क्यांच्या आत राहावे, अशी अपेक्षा असते. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा. त्यातील औषधी सिद्धींसंबंधीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५१ च्या बलसारा खटल्यात औषधी व प्रसाधनी सिद्धींना त्या बंदीतून वाचविण्यात आले. पुढे कायद्यात जी सवलत आली ती मद्य म्हणून पिण्यास अयोग्य अशा औषधी सिद्धींसाठी आहे. परदेशी पाकिटाच्या बळावर सोळा टक्क्यांचे द्राक्षासव काढणारा वैद्य या सवलतीच्या पायावर स्वतःच घाव घालतो. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्याला औषध कायद्यातील परवान्यातून सूट आहे, हे आपण सर्व जाणतो. ती सूट दारूबंदी कायद्यालाही लागू आहे, असे मात्र कोणी गृहीत धरू नये.

शिवाय किण्व विकत आणण्याची गरज खरोखर किती? धातकीपुष्प, म्हणजे आपली धायटी, हे किण्वाचे नैसर्गिक घर आहे. मागील उत्तम संधानाच्या तळाशी राहिलेले किण्व नव्या संधानात घालण्याची रीतही जुनीच. त्याला ना टपालखर्च, ना जकात.

खरा कस लागतो तो गुळाचा, आणि नेमक्या याच द्रव्याकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते. शार्ङ्गधरांच्या परिभाषेनुसार, जेथे मान सांगितलेले नाही तेथे एक द्रोण द्रवाला एक तुला गूळ, त्याच्या निम्मे मध आणि गुळाच्या दशमांश प्रक्षेप घ्यावा. द्रवद्वैगुण्याचा वाद बाजूस ठेवून द्रोण १२.२८८ लिटर व तुला ४.८ किलो धरली, तर शंभर लिटरला सुमारे ३९ किलो गूळ लागतो आणि सगळा प्रक्षेप मिळून चार किलोही होत नाही. द्राक्षारिष्टात द्राक्षा अर्धी तुला आणि गूळ दोन तुला, म्हणजे गूळ द्राक्षांच्या चौपट! आपण मात्र मनुकांच्या भावातील फरकासाठी रात्र जागवितो आणि गूळ आणायला दुकानातील नोकर पाठवितो.

बाजारात पिवळाधमक गूळ लवकर खपतो. तो रंग बहुधा हायड्रॉस पावडरचा, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटचा असतो. गुळात गंधकाच्या डायऑक्साइडची कायदेशीर मर्यादा दशलक्षांत ७० भाग आहे. पण आपल्या पेठेत मोजणी कोण करतो? गंधकाची ही संयुगे किण्वाची शत्रू आहेत. परदेशी द्राक्षमद्याच्या सामग्रीबरोबर रानटी किण्व मारण्याच्या ज्या गोळ्या येतात, त्यांतील द्रव्य याच कुळातील. आणि धायटीवरचे किण्व तर रानटीच! मग संधान अडले, आंबट झाले, की दोष धायटीला किंवा हवेला दिला जातो आणि त्यावर तोड म्हणून परदेशी किण्व मागविण्याचा सल्ला मिळतो. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात असे अडलेले संधान अनेकदा आले. त्यांपैकी बहुतेक ठिकाणी गूळ बदलताच काम सुरळीत झाले.

हा गूळ पत्रव्यवहाराने मिळत नाही. माजलगाव-गेवराईच्या गोदाकाठी ऊस आहे. तेथील वा शेजारच्या लातूर भागातील गुऱ्हाळावर स्वतः जाऊन, भेंडीच्या रसाने मळी काढून हायड्रॉसविना केलेला गूळ सांगून घ्यावा लागतो. तो तांबूस-काळसर दिसतो, दोन पैसे महाग पडतो, आणि पावसाळ्यात पाझरतो म्हणून व्यापारी ठेवीत नाहीत. शास्त्रकारांनी पुराण गूळ श्रेष्ठ मानला आहे. तेव्हा या पौषात घेतलेला गूळ कोरड्या जागी बंद ठेवून पुढच्या मार्गशीर्षात वापरावा. आपल्याकडे वैशाखातला उन्हाळा चाळिशीच्या वर जातो आणि त्यात केलेले संधान शुक्ताकडे झुकते. मार्गशीर्ष ते माघ हाच बीडचा खरा संधानकाळ होय.

मधाची गोष्ट याहून कडू आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने बाजारातील मधाच्या भेसळीविषयी आपले निष्कर्ष जाहीर केले. नेहमीच्या चाचण्यांना चकविणारी साखरेची पाके चीनमधून मिळतात, हे त्यातून समोर आले. स्वस्त परदेशी मालाचे याहून बोलके उदाहरण नको. पोळे उतरविणारा माणूस माहीत असल्याशिवाय संधानासाठी मध घेऊच नये.

मात्र जवळचा तो चांगला, हा नियम सर्वत्र लावणे चुकीचे ठरेल. मनुकांचेच पाहा. सांगली-तासगावचा बेदाणा आपल्या राज्याचे भूषण आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. पण तो बहुतांशी बिनबियांच्या द्राक्षांचा असतो. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवितात, आणि सोनेरी रंगासाठी पुष्कळदा गंधकाची धुरीही देतात. खाण्यास तो उत्तम. द्राक्षासवासाठी मात्र बियांचा काळा मनुकाच योग्य, आणि तो पुष्कळसा अफगाणिस्तानातून येतो. ज्येष्ठमधही मुख्यतः अफगाणिस्तान, इराण व मध्य आशियातूनच येते. लवंगेसाठी तर आपण शतकानुशतके समुद्रापलीकडेच पाहत आलो आहोत. तेव्हा परदेशी द्रव्य घेण्यात कमीपणा नाही. प्रश्न एवढाच की ते बिल देणाऱ्या, नमुना दाखविणाऱ्या, खराब निघाल्यास परत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून घ्यावे, की चित्र पाहून परस्पर मागवावे? वाळलेल्या वनस्पतिद्रव्यांना २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाचे नियम लागतात. कागदपत्रांविना आलेले पार्सल अडते किंवा नष्ट केले जाते, आणि तेव्हा दाद मागण्यास कोणी नसते. भेटवस्तू म्हणून लहान पार्सले विनाशुल्क आणण्याची वाट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये शासनाने ज्या ४३ ॲपवर बंदी घातली, त्यांत अशा खरेदीचे एक मोठे चिनी दुकानही होते. शुल्क, विलंब आणि फुटतूट मिळविली, तर छापील भावातील स्वस्ताई कितीशी उरते हे ज्याने त्याने कागदावर मांडून पाहावे.

उपकरणांबाबत लेखकाचा आग्रह सौम्य आहे. काचेची झडप कोठलीही चालते. घनतामापक मात्र पाहून घ्यावा. परदेशी घरगुती घनतामापक पुष्कळदा ६० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १५.६ अंश सेल्सिअसवर बेतलेले असतात. आपल्या खोलीत पारा ३२ वर असेल, तर वाचन सुमारे ०.००४ ने कमी येते. हातात घेऊन, अंशांकन वाचून घेतलेला अंबाल्याचा घनतामापक त्यापेक्षा बरा. आणि मद्यमापक थेट आसवात बुडवून टक्केवारी सांगणाऱ्या बंधूंना नम्र विनंती, की तसे करू नये. ते यंत्र केवळ पाणी व मद्य यांच्या मिश्रणासाठी आहे; गूळ शिल्लक असलेल्या द्रवात ते खोटे बोलते. आधी ऊर्ध्वपातन करावे, मग मोजावे.

आता आपल्या पेठेतील काष्ठौषधींच्या दुकानांविषयी. तेथे सारे आलबेल आहे असे नाही. नागकेशर मागितल्यावर सुरंगीच्या कळ्या पुढ्यात येतात, अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल मिळते, आणि तीन वर्षांपूर्वीची धायटी या वर्षीची म्हणून विकली जाते. परंतु याला आपणही जबाबदार आहोत. भारी माल आपण बाहेरून मागवितो आणि दुकानदाराकडून घेतो ती उरलीसुरली किरकोळ द्रव्ये. त्याने ताजी धायटी कोणाच्या भरवशावर भरावी? ही दुकाने उठली, की लहान औषधालयांना तयार बाटल्यांचे विक्रेते होण्यावाचून दुसरा मार्ग राहणार नाही.

संघटनेच्या जिल्हा शाखेने यंदा निदान एक गोष्ट करून पाहावी. आसवे करणाऱ्या सभासदांनी आपापली वर्षाची गरज कार्तिकअखेर लेखी कळवावी. त्या एकत्रित मागणीवर एका गुऱ्हाळाशी हायड्रॉसविना गुळाचा आणि एका दुकानदाराशी त्याच वसंतातील धायटीचा करार करावा. प्रत्येक खेपेचा एक नमुना गंधकाच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावा, त्याचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा आणि अहवाल याच त्रैमासिकात छापावा. बियांचा मनुका व ज्येष्ठमध यांची मागणीही त्याच यादीत घालून मुंबईच्या आयातदाराकडून एकत्र आणता येईल. शंभर लिटरमागे खर्चात नेमका किती फरक पडला, हे मग पुढील वर्षीच्या चैत्र अंकात आकड्यांनिशी मांडता येईल.